गच्चीवरच्या टाकीसाठी नोडएमसीयू: नऊ व्होल्टची बॅटरी दुपारही बघत नाही

टाकीवाली (कोपरी, ठाणे पूर्व)

नमस्कार मंडळी. प्रश्न बॅटरीचा आहे, पण आधी जागेची माहिती देते, नाहीतर पहिलं उत्तर "चार्जर लावा" असंच येईल.

आमची सात मजली सोसायटी, आम्ही सातव्यावर. पालिकेचं पाणी खालच्या टाकीत येतं आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं. पंप चालू-बंद करणं वॉचमनच्या हातात. तो गेटवर कुरिअरवाल्यांच्या गराड्यात अडकला की वर टाकी वाहायला लागते. ओव्हरफ्लोचा पाइप नेमका आमच्या बेडरूमच्या खिडकीशेजारून उतरतो, त्यामुळे पहिली बातमी मलाच लागते, तीही पहाटे. उलट मे महिन्यात पाणी कमी यायला लागलं की टाकी तळाला गेल्याचं अंगाला साबण लावल्यावर कळतं.

म्हणून नोडएमसीयू घेतला, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा वाय-फाय बोर्ड, ईएसपी८२६६ चिपवाला. टाकीच्या झाकणाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर, तीन व्होल्टवर चालणारा. तो पाण्याची उंची मोजतो आणि घरच्या वाय-फायवरून मोबाइलवर पाठवतो. टेबलावर लॅपटॉपच्या यूएसबीवर मस्त चालतं. मुलाने प्लास्टिकच्या बादलीत पाणी ओतून खात्री करून घेतली आहे.

अडचण अशी की गच्चीवर प्लग पॉइंट नाही. एक आहे तो लिफ्टच्या मशीन रूममध्ये, आणि कमिटीचं म्हणणं की तिथून कुणाचीही खाजगी वायर निघणार नाही. ते बरोबरच आहे, वाद घालत नाही.

मग घरात असलेल्या बॅटऱ्या लावून बघितल्या:

आधी चौकोनी नऊ व्होल्टची, मल्टिमीटरमध्ये घालतात ती. क्लिप लावून व्ही-इन आणि ग्राउंडला जोडली. सकाळी लावली, जेवायच्या आधीच मेसेज बंद. काढून मीटर लावला तर साडेआठ व्होल्ट दाखवतोय! मग मेली कशी?

नंतर चार पेन्सिल सेलचं खोकं, सहा व्होल्ट. सेल नवेकोरे, भिंतीवरच्या घड्याळासाठी आणलेल्या पाकिटातले. यात बोर्ड चालू होतो, निळा दिवा लुकलुकतो, वाय-फायला जोडायला जातो आणि परत पहिल्यापासून सुरू. पुन्हा पुन्हा तेच.

मला हवं एवढंच: दोन-तीन महिने तरी सेल बदलायला वर जावं लागू नये. गच्चीची किल्ली मिळवणं म्हणजे रजिस्टरमध्ये सही आणि चार प्रश्नांची उत्तरं. कोणते सेल, किती, कुठे जोडायचे? मी बँकेत आहे, इलेक्ट्रॉनिक्सची नाही. आकडेमोड सांगितलीत तर कळेल आणि सोल्डरिंग आयर्नची भीती वाटत नाही.

घणसोली_बाइकर

१०,००० ची पॉवर बँक लावून टाका ताई. यूएसबी केबल आहेच. विषय संपला.

टाकीवाली

घरातली जुनी एक लावून बघितली होती. ती मध्येच आपोआप बंद पडते, बटण दाबलं की परत चालू. वर जाऊन बटण कोण दाबणार?

लूप_चार_ते_वीस (ऐरोली)

ताई, पॉवर बँकेचं आधी संपवतो. बोर्ड फारच थोडा करंट ओढतो, त्यामुळे बँकेला वाटतं फोन काढून घेतला, आणि ती स्वतःला बंद करते. बंद न होणारी मिळाली तरी १०,००० हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॉट-तास. तुमचा बोर्ड पाच व्होल्टवर अंदाजे ०.४ वॉट खाणार. मधली घट धरली तर तीन-साडेतीन दिवस. विषय संपत नाही, बँक संपते.

आता तुमचा पहिला प्रश्न. नऊ व्होल्टची बॅटरी हातात घ्या आणि तिच्यावरचा बारीक छापील कोड वाचा. ब्रँड सोडा, "हेवी ड्यूटी", "हाय पॉवर" वगैरे सोनेरी अक्षरंही सोडा. ६एफ२२ लिहिलं असेल तर ती झिंक-कार्बनची. ६एलआर६१ असेल तर अल्कलाइन. पेन्सिल सेलवरही तसंच: नुसतं आर६ म्हणजे झिंक-कार्बन, एलआर६ म्हणजे अल्कलाइन, एचआर६ म्हणजे चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड. पुढे एक एल आहे की नाही यावर निम्मा खेळ ठरतो. घड्याळासाठी जे स्वस्त पाकीट आणतो त्यात बहुतेक वेळा आर६ असतात आणि घड्याळाला ते उत्तम चालतात, कारण घड्याळ करंट नावाला ओढतं.

साडेआठ व्होल्ट दाखवूनही ती मेलेली कशी? मीटर बॅटरीकडून जवळजवळ काहीच मागत नाही, म्हणून ती रुबाबात आकडा दाखवते. बॅटरीला आतला रेझिस्टन्स असतो आणि तो बॅटरी वापरली जाईल तसा वाढत जातो. ६एफ२२ मध्ये तो मुळातच भरपूर, कारण त्या डबीत छोटे छोटे सहा सेल एकावर एक रचलेले असतात. बोर्डाने वाय-फाय चालू केलं की व्होल्टेज धाडकन खाली. खरं बघायचं असेल तर बॅटरीवर शंभर ओहमचा, एक वॉटचा रेझिस्टर लावा आणि तो लागलेला असतानाच मीटर टेकवा. जे दिसेल ते खरं. रेझिस्टर तापेल, बोट लावू नका आणि चार-पाच सेकंदांत काढा.

शिवाय नऊ व्होल्टमध्ये दुसरी उधळपट्टी आहे. बोर्डावर एएमएस१११७ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. तो नऊचे ३.३ करतो म्हणजे वरचे ५.७ व्होल्ट उष्णता करून टाकतो. शंभरातली त्रेसष्ट टक्के ऊर्जा थेट हवेत. एका ६एफ२२ मध्ये ताकद किती, तर हलक्या लोडवर तीन-चारशे मिलिअँप-तास, आणि ८० मिलिअँपसारखा लोड टाकला की तेवढीही मिळत नाही. तुमची बॅटरी जेवायच्या आधी गेली यात मला नवल वाटलं नाही.

चार पेन्सिल सेलचं रीस्टार्ट हे वेगळं दुखणं. वाय-फाय जोडताना ईएसपी एकदम तीनशे मिलिअँपच्या वर झटका मारतो, काही मिलिसेकंदांपुरता. एएमएस१११७ ला बाहेर ३.३ द्यायचे तर आत साडेचार तरी लागतात. आर६ सेलचा आतला रेझिस्टन्स, खोक्याच्या ढिल्या स्प्रिंगा आणि त्या बारीक जंपर वायरी, हे सगळं मिळून त्या झटक्याला व्होल्टेज साडेचारच्या खाली ओढतं आणि बोर्ड परत जन्म घेतो. इलाज: ३व्ही३ (३.३ व्होल्टची) आणि ग्राउंड पिनांच्या अगदी जवळ ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दहा किंवा सोळा व्होल्टचा. पांढऱ्या पट्टीचा पाय ग्राउंडला. खोक्याच्या वायरी कापून जाड आणि आखूड लावा. एलआर६ घाला. रीस्टार्ट थांबेल.

पण थांबलं म्हणून खूश होऊ नका. चांगल्या एलआर६ मध्ये दोन हजार मिलिअँप-तास धरा. तुमचा बोर्ड वाय-फाय चालू ठेवून ७० ते ८० मिलिअँप खातो. दोन हजार भागिले ऐंशी, पंचवीस तास. आणि हो, चार सेल एकामागे एक लावले की व्होल्ट चौपट होतात, मिलिअँप-तास तेवढेच राहतात. इथे पुष्कळजण आठ हजार धरून बसतात.

म्हणजे बाजारातला सगळ्यात महागडा सेल आणलात तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही वॉचमनसमोर. म्हणून म्हणतो, कोणता सेल हा प्रश्न नंतरचा. आधी खर्च कुठे जातो ते बघा.

मी उभं आयुष्य नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशन केलं. तिथे दोन वायरींवर चालणारे लेव्हल ट्रान्समीटर असतात. टाकी रिकामी असेल तर लूपमध्ये ४ मिलिअँप, भरली की २०. गंमत ही की ट्रान्समीटरला स्वतःचं पोट त्याच लूपमधून भरायचं असतं, म्हणजे सेन्सर, अँप्लिफायर, मायक्रोकंट्रोलर, सगळं मिळून ४ मिलिअँपच्या आत. आम्ही त्यावर टाक्यांची लेव्हल वर्षानुवर्षं मोजली. तुमचा बोर्ड काहीच न करता त्याच्यापेक्षा जास्त खातो.

तुम्हाला पाण्याची उंची सेकंदासेकंदाला हवी आहे का? पंधरा मिनिटांनी चालेल ना? मग मधल्या वेळेत बोर्डाला डीप स्लीपमध्ये टाका. डी० ची पिन आरएसटीला, म्हणजे रीसेटच्या पिनला जोडा, कारण झोपेतून उठवणारा इशारा डी० वरून येतो. वायर नसेल तर झोपतो तो उठतच नाही. प्रोग्रॅम चढवताना मात्र ती वायर काढून ठेवा.

एवढं केलंत की झोपेतला आणि जागेपणीचा करंट मोजा आणि इथे टाका. मोजताना एक काळजी घ्या. साधा पिवळा मीटर असेल तर २० मिलिअँपच्या रेंजमध्ये आत साधारण दहा ओहमचा रेझिस्टर मध्ये येतो. बोर्ड सुरू होताना तो झटका मारणार, व्होल्टेज त्या दहा ओहमवरच पडणार आणि बोर्ड कधी उभाच राहणार नाही. वर फ्यूजही जाईल. त्यामुळे मीटरच्या दोन्ही टोकांवर एक वायर आडवी टाकून ठेवा. बोर्ड सुरू होऊ दे, काम करून झोपू दे, मग ती वायर हळूच काढा. आता करंट मीटरमधून जातोय, आकडा वाचा. उठायची वेळ झाली की वायर परत आडवी. जागेपणीचा करंट दहा अँपच्या भोकातून मोजा, आकडा ढोबळ येईल पण चालेल.

नेरूळ_ब्रेडबोर्ड

काकांनी सगळं लिहिलंच आहे, माझे दोन पैसे. मी थर्ड इयर इलेक्ट्रॉनिक्सला आहे.

ताई, सेलवर चालवायचं म्हणूनच बोर्ड घ्यायचा असता तर रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू बरा. त्याच्या व्ही-सिस पिनला १.८ पासून ५.५ व्होल्टपर्यंत काहीही चालतं, बोर्डावरच बक-बूस्ट कन्व्हर्टर आहे. म्हणजे दोन किंवा तीन पेन्सिल सेल थेट जोडायचे, सेल उतरत गेला तरी आतून ३.३ स्थिर. नोडएमसीयूमध्ये ही सोय नाही. आणि कृपा करून तीन नवे सेल थेट ३व्ही३ पिनला लावू नका. नवे असताना ते पावणेपाच व्होल्टच्या आसपास असतात आणि ईएसपीची वरची मर्यादा ३.६ आहे.

दुसरं, वाय-फायला जोडायला लागणारा वेळ म्हणजेच खर्च. राउटरकडून दरवेळी आयपी मागू नका, कोडमध्ये पक्का लिहा. चॅनेल नंबर आणि राउटरचा बीएसएसआयडी (त्याच्या वाय-फायचा पत्ता) तोही लिहून ठेवा, म्हणजे बोर्ड सगळे चॅनेल शोधत बसत नाही. माझ्याकडे पाच-सहा सेकंदांचं काम दोनच्या आत आलं.

तिसरं, १८६५० लिथियम सेल, टीपी४०५६ चार्जर आणि छोटं सोलर पॅनेल का नाही? गच्चीवर ऊन फुकट आहे.

लूप_चार_ते_वीस (ऐरोली)

पहिल्या दोन मुद्द्यांना शंभर टक्के. फक्त ताईंकडे बोर्ड आहे, नवा कशाला घ्यायला लावायचा?

तिसऱ्याला नको म्हणेन. गच्चीवरच्या बंद प्लास्टिक डब्यात एप्रिलच्या दुपारी हात घालून बघ. लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो, आणि तुझं पॅनेल नेमकं त्याच वेळी जोरात चार्ज करणार. टीपी४०५६ चिपला तापमान बघणारी पिन आहे, पण बाजारात मिळणाऱ्या निळ्या मॉड्यूलवर ती थेट ग्राउंडला बांधलेली असते, म्हणजे आंधळी. वर ते मॉड्यूल मूळ रेझिस्टरवर एक अँपने चार्ज करतं. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेला सेल असेल तर बोलायलाच नको. घरात टेबलावर कर, माझी ना नाही. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर, जिथे महिनोन्महिने कुणी बघायला जाणार नाही, तिथे नको.

नेरूळ_ब्रेडबोर्ड

सावलीत ठेवला तर? टाकीच्या उत्तरेच्या अंगाला?

लूप_चार_ते_वीस (ऐरोली)

पॅनेल उन्हात आणि सेल सावलीत, करता येईल. वायर लांब, ग्लँड (वायर डब्यात शिरते तिथलं घट्ट बूच) दोन जास्त, आणि पावसात त्यातलं एक गळणारच. खर्च कमी केला की सोलरची गरजच उरत नाही, हे मला ताईंच्या आकड्यांवरून दाखवायचं आहे. थांब जरा.

टाकीवाली

आले आकडे घेऊन.

आधी कोड. नऊ व्होल्टवर ६एफ२२. घड्याळाच्या पाकिटावर आर६, आणि शेजारी ठसठशीत अक्षरांत "हेवी ड्यूटी". काका, दुकानदाराला मी "चांगल्यातले द्या" म्हटलं होतं.

एलआर६ आणून १००० चा कपॅसिटर लावला. रीस्टार्ट बंद, पहिल्या झटक्यात जोडलं. डीप स्लीपही जमलं, डी० आणि आरएसटीची वायर टाकली. मीटरवर आडवी वायर ठेवायची युक्ती मुलाला फार आवडली. आम्ही दोघांनी मिळून मोजलं.

जागा असताना ८० च्या आसपास. एका फेरीला साधारण सहा सेकंद लागतात, वाय-फाय आमच्या स्लॅबमधून वर पोहोचतं पण रडतखडत.

झोपेत नऊ मिलिअँप! मी वाचलं होतं की ईएसपी८२६६ झोपेत वीस मायक्रोअँप खातो. हे तर चारशे-साडेचारशे पट झालं.

मग हिशोब मांडला. पंधरा मिनिटांनी एकदा म्हणजे दिवसाला ९६ फेऱ्या. एका फेरीला ८० गुणिले ६ भागिले ३६००, म्हणजे ०.१३ मिलिअँप-तास. दिवसाचे सगळे मिळून तेरा. आणि झोपेचे ९ गुणिले २४, म्हणजे २१६! कामाचा खर्च तेरा आणि काही न करण्याचा दोनशे सोळा. खात्यावर एकही व्यवहार नसताना कापले जाणारे चार्जेस असतात ना, अगदी तसं. या हिशोबाने एलआर६ नऊ दिवस पुरतील. सुधारणा आहे, पण ९६ फेऱ्यांच्या ४८ केल्या तरी काही फरक पडणार नाही हेही दिसतंय. हे नऊ मिलिअँप खातंय कोण?

लूप_चार_ते_वीस (ऐरोली)

हिशोब चोख. असा रिपोर्ट मला ट्रेनी पोरांकडून कधी मिळाला नाही.

खाणारे बरेच आहेत आणि त्यात ईएसपी नाही. तो खरंच वीस मायक्रोअँपवर झोपलाय. एएमएस१११७ स्वतःच्या अस्तित्वासाठी पाचेक मिलिअँप घेतो, लोड असो वा नसो. यूएसबीची चिप जागीच बसलेली असते, केबल लागलेली नसली तरी. आणि तुमचा अल्ट्रासॉनिक सेन्सर थेट ३व्ही३ वर आहे ना? तोही झोपलेला नाही, दोनेक मिलिअँप त्याचे. नोडएमसीयू हा टेबलावर शिकायचा बोर्ड आहे. केबल लावली की प्रोग्रॅम चढावा यासाठी जे जे लागतं ते सगळं त्यावर आहे, आणि गच्चीवर त्यातलं काही लागत नाही.

करायचं काय? काहीजण एएमएस१११७ उपटून ३व्ही३ पिनला बाहेरून चांगला रेग्युलेटर लावतात. यूएसबी चिप तरी उरतेच, त्यामुळे अर्धवट इलाज. मी तुमच्या जागी असतो तर नोडएमसीयू घरी कोड तपासायला ठेवला असता आणि वर सुटा ईएसपी-१२एफ मॉड्यूल पाठवला असता. हाच चिप, पत्र्याच्या टोपीखाली, बाकी भानगड नाही. त्याच्यासाठी पांढरी अडॅप्टर प्लेट मिळते. ती उलटी करून बघा, मागच्या बाजूला तीन पायांच्या रेग्युलेटरसाठी रिकामी जागा ठेवलेली असते. तिथे एचटी७३३३ बसतो. तो बसवलात की पुढच्या बाजूचा मधला शून्य ओहमचा रेझिस्टर काढून टाकायचा, नाहीतर बॅटरी रेग्युलेटरला वळसा घालून थेट चिपवर जाईल. हे विसरू नका, धूर निघतो.

एचटी७३३३ स्वतः चार मायक्रोअँपच्या आसपास खातो. एएमएसच्या हजारावा हिस्सा. त्याची मर्यादा २५० मिलिअँप आहे आणि वाय-फायचा झटका त्याच्या वर जातो, म्हणून तुमचा १००० चा कपॅसिटर तसाच राहू दे, रेग्युलेटरच्या बाहेरच्या बाजूला. आतल्या-बाहेरच्या व्होल्टेजमध्ये त्याला फारच थोडं अंतर लागतं, त्यामुळे चारऐवजी तीन एलआर६ पुरतात. साडेचार व्होल्टवरून ३.३, म्हणजे उधळपट्टीही कमी. चार सेल घातलेत तर चौथ्याची ऊर्जा नुसती तापण्यात जाईल.

प्रोग्रॅम चढवायला यूएसबी-सिरियलचं वेगळं मॉड्यूल लागेल, ३.३ व्होल्टचं, आणि त्या वेळी जीपीआयओ० ही पिन ग्राउंडला. एकदाच करायचंय. लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर रविवार सोडून जा, बरीचशी दुकानं बंद असतात. पार्सलने मागवलंत तरी एचटी७३३३ दोन-चार जास्त घ्या. नखाएवढा पार्ट आहे, चिमट्यातून उडाला की फरशीवर सापडत नाही.

सेन्सरबद्दल एक विचारतो. लिटरमध्ये आकडा हवाय की टाकी भरली आणि टाकी संपत आली एवढंच?

टाकीवाली

खरं सांगायचं तर एवढंच. आकडा मुलाला हवा होता, आलेख काढायला.

कळवा_प्लंबिंग

मग सेन्सर काढा ताई. इलेक्ट्रॉनिक्स मला कळत नाही पण टाक्या कळतात. झाकणाखाली सकाळी घाम फुटलेला असतो, त्या दोन डोळ्यांवर थेंब बसले की आकडे वेडेवाकडे येणार. एकाने माझ्याकडून असंच बसवून घेतलं होतं, पावसाळ्यात तो रिकामी टाकी भरलेली दाखवायचा. फ्लोट स्विच लावा, छोटे पांढरे येतात, दोन नग. एक ओव्हरफ्लोच्या चार बोटं खाली, एक तळापासून वीतभर वर. तळाला टेकवू नका, गाळात अडकतो. वायर टाकीच्या भोकातून नको, झाकणाच्या खाचेतून काढा.

लूप_चार_ते_वीस (ऐरोली)

लाखातलं बोललात. फ्लोट स्विचच्या आत लोहचुंबक आणि त्याने चालणारा रीड स्विच असतो, त्याला सप्लायच लागत नाही. चिपचा आतला पुल-अप रेझिस्टर स्विच वाचतानाच चालू करा, बाकी वेळ शून्य.

आणि आता वाय-फायची चैनही कमी करता येईल. ईएसपीला रेडिओ बंद ठेवून उठवता येतं. पंधरा मिनिटांनी उठायचं, दोन स्विच बघायचे, झोपेतही टिकणाऱ्या आरटीसी मेमरीत ठेवलेल्या जुन्या स्थितीशी ताडायचे. बदल नसेल तर लगेच झोप. यात वीसेक मिलिअँप, तेही सेकंदाच्या एखाद्या अंशापुरते. बदल असेल तरच रेडिओसकट पुन्हा उठायचं आणि मेसेज टाकायचा. शिवाय दिवसातून दोन वेळा उगाचच एक मेसेज, म्हणजे यंत्र जिवंत आहे ते कळतं. फक्त पंप चालू असताना पंधरा मिनिटं जास्त वाटली तर पाच करा, परवडेल.

ताई, हिशोब तुम्हीच करा, मला तपासायला आवडेल.

टाकीवाली

झोप: तीसेक मायक्रोअँप गुणिले २४, म्हणजे ०.७ मिलिअँप-तास. नुसत्या बघण्याच्या फेऱ्या ९६, प्रत्येकी ०.००२ धरली तर ०.२. मेसेज दिवसाला दहा धरले आणि नेरूळकरांच्या युक्तीने चार सेकंदांवर आणले तर ०.९. एकूण १.८, वर बेरीज चुकली असेल म्हणून अडीच. दोन हजार भागिले अडीच... ८०० दिवस? मी कुठेतरी शून्य जास्त टाकतेय.

लूप_चार_ते_वीस (ऐरोली)

शून्य बरोबर आहे. कागदावर दोन वर्षांच्या वर. प्रत्यक्षात तेवढे ठेवू नका. गच्चीवरच्या उष्णतेत सेल आपला आपणही उतरतो, आणि उतरलेला अल्कलाइन सेल पाझरतो. ती पांढरी पूड स्प्रिंग खाते. दरवर्षी पावसाळ्याआधी बदलून टाका, तीन सेलना किती पैसे लागतात! पाझरलाच तर लिंबाच्या थेंबाने पुसा, अल्कलाइनला आम्लच उतारा. नंतर कोरडं करा आणि हात धुवा.

डबा आयपी६५ चा (धूळ-पाणी अडवणारा) जंक्शन बॉक्स घ्या, वायरीचं ग्लँड खालच्या बाजूला येईल असा लावा. वरून वायर घातली की कितीही घट्ट केलं तरी आमच्या ऐरोलीच्या पावसात पाणी शिरतं, तुमच्याकडेही तोच पाऊस. बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी आत टाका. आणि डबा टाकीच्या काँक्रीटमागे दडवू नका, जिन्याच्या दाराच्या बाजूला, तुमच्या राउटरच्या जमेल तितकं वर. सिग्नल चांगला असला की चारचे दोन सेकंद होतील.

घणसोली_बाइकर

पॉवर बँकवाला मीच. वाचतोय सगळं. माझ्या बाइकच्या शेडमधल्या दाराच्या अलार्मला पण हेच करता येईल का? दार उघडलं तरच उठायचं?

नेरूळ_ब्रेडबोर्ड

येईल. दाराला रीड स्विच लाव आणि तो आरएसटीला कपॅसिटरमधून जोड, म्हणजे दार उघडताना एकच टिचकी बसेल, दार उघडं राहिलं तरी बोर्ड रीसेटमध्ये अडकणार नाही. टायमरची गरजच नाही, झोपेचा कालावधी शून्य दिला की बाहेरून उठवेपर्यंत झोपतो. नवीन धागा काढ, तिथे सर्किट टाकतो. इथे टाकीचं चाललंय.

टाकीवाली

शेवटचं एक. सेल उतरत आलेत हे घरबसल्या कळेल का? की यंत्र गप्प झालं की समजायचं?

लूप_चार_ते_वीस (ऐरोली)

कळेल, आणि कळायलाच हवं. सुट्या ईएसपी-१२एफ च्या एडीसी पिनला (व्होल्टेज मोजणारी पिन) फक्त शून्य ते एक व्होल्ट चालतो, तेव्हा सेल थेट लावू नका. बॅटरीच्या प्लसपासून ४७० किलोओहम, मग एडीसी पिन, तिथून १०० किलोओहम ग्राउंडला. साडेचार व्होल्टचे तिथे ०.७९ दिसतात. ही जोडी कायम आठेक मायक्रोअँप खात बसेल, ते तुमच्या तीसमध्ये धरलेलेच आहेत. वाचताना वाय-फाय नुकतंच चालून गेलेलं असू दे, म्हणजे सेल दमलेला असताना मोजला जाईल. आराम करून मोजलात तर तोही साडेआठवाल्या बॅटरीसारखा थाप मारेल.

दर मेसेजसोबत हा आकडा पाठवा. ३.४ च्या खाली गेला की सेल मागवायला घ्या, त्यानंतरही काही आठवडे हातात असतात. आणि बदलताना तिन्ही एकदम, एकाच पाकिटातले. दोन नवे आणि एक जुना असं कधी करू नका. जुना आधी संपतो, उरलेले दोघे त्याच्यातून करंट ढकलतच राहतात, त्याचे प्लस-मायनस उलटे होतात, आणि पाझरतो तो तोच.